मेणाच्या थरांमधला छापा: स्क्रीन प्रिंटिंग आणि एन्कॉस्टिक एकत्र कसे साधावे

जाळीतून शाई ओढणाऱ्या छपाई कारागिराला समोरचा पृष्ठभाग थंड, सपाट आणि कोरडा लागतो. एन्कॉस्टिक पद्धतीने, म्हणजे तापलेल्या मेणात रंग कालवून चित्र काढणाऱ्याला मात्र तोच पृष्ठभाग कोमट, शोषून घेणारा आणि पुन्हा वितळू शकेल असा हवा असतो. ही दोन तंत्रे एकाच फळीवर आणू पाहणारे बहुतेक विद्यार्थी आपली सगळी मेहनत छापा स्वच्छ उमटवण्यावर खर्च करतात. वास्तविक मेणावर स्वच्छ छापा उमटवणे फारसे कठीण नाही. अवघड प्रश्न त्यानंतरचा आहे: छाप्यावर मेणाचा पुढचा थर दिला, तर तो शाईतून पार होऊन खालच्या मेणाला जाऊन मिळेल का, की शाईच त्या दोघांच्या मध्ये पडदा होऊन बसेल? या एका प्रश्नाचे उत्तर समजले, तर शाई कोणती, कागद कोणता, जाळी कोणती हे बाकीचे प्रश्न बऱ्याच अंशी आपोआप सुटतात.

स्क्रीन प्रिंटिंगची ओळख नव्याने करून देण्याची गरज मराठवाड्यात तरी नाही. लग्नपत्रिका, कापडी पिशव्या, शाळेच्या टी-शर्टवरची नावे यांच्या निमित्ताने हे काम करणारी छोटी दुकाने जालना, लातूर, नांदेडपासून तालुक्याच्या गावांपर्यंत आहेत. चौकटीवर ताणलेली जाळी, तिच्यावर प्रकाशाने कडक होणारा लेप, नक्षी काढलेल्या पारदर्शक फिल्मवरच्या काळ्या भागाखाली मऊ राहिलेला लेप पाण्याने धुऊन मोकळी होणारी छिद्रे आणि त्यांतून स्क्वीजीने, म्हणजे रबरी पट्टीने, ओढलेली शाई, एवढीच मूळ कल्पना आहे. इंग्लंडमध्ये सॅम्युअल सायमन याने १९०७ मध्ये रेशमी जाळीच्या छपाईचे पेटंट घेतले; आज रेशमाची जागा पॉलिएस्टरने घेतली आहे.

एन्कॉस्टिक त्याहून पुष्कळ जुने आहे. इजिप्तमधील फायूम भागात ममींवर बसवलेल्या इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकांतील व्यक्तिचित्रांपैकी पुष्कळशी याच पद्धतीची आहेत, आणि त्यांतल्या अनेकांचे रंग आजही टवटवीत दिसतात. आधुनिक काळात अमेरिकन चित्रकार जॅस्पर जॉन्स याने १९५४-५५ मध्ये रंगवलेल्या ‘फ्लॅग’ या चित्रात मेणाच्या थराखाली वर्तमानपत्राचे तुकडे चिकटवलेले आहेत आणि छापील अक्षरे मेणातून अंधुकपणे दिसतात. छापील मजकूर आणि मेण एकत्र आले की काय घडते, याचे इतके चांगले उदाहरण दुसरे सापडणे कठीण. आपल्याकडच्या कला विद्यार्थ्यांना मेण ठाऊक असते ते बाटिकमुळे. पण बाटिकमध्ये मेणाचे काम रंगाला अडवण्याचे असते आणि शेवटी ते काढून टाकले जाते, तर येथे रंग मेणातच राहतो आणि मेण हेच चित्राचे शरीर असते.

त्या मेणाची तयारी आधी पाहू. मधमाशीचे शुद्ध मेण साधारण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते. नुसते मेण मऊ राहते, बोटाने दबते, म्हणून त्यात डामर ही झाडाची राळ मिसळतात. वजनाने आठ भाग मेणाला एक भाग डामर हे सर्वांत रुळलेले प्रमाण आहे, म्हणजे एक किलो मेणाला सव्वाशे ग्रॅम. डामर मेणाहून बऱ्याच वरच्या तापमानाला, १०५ ते ११० अंशांच्या आसपास, विरघळते. त्यामुळे ते बारीक कुटून सावकाश मेणात मुरवावे लागते आणि नंतर साल-काडीकचरा राहू नये म्हणून कापडातून गाळावे लागते. या रंगहीन मिश्रणाला मीडियम म्हणतात. त्यात कोरडी रंगपूड घोटली की मेणरंग तयार होतो. काम करताना ते ८० ते ९५ अंशांवर ठेवावे.

डामर आग्नेय आशियातून येते, तर आपल्या काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारी राळ ही मूळची साल वृक्षाची. दोन्ही झाडे एकाच कुळातील असली तरी दुकानातल्या पुडीत प्रत्यक्ष काय आहे याची खात्री नसते, आणि पाइनचे रोझिन हाती पडले तर ते ठिसूळ होऊन पिवळे पडते. म्हणून एवढी एक वस्तू कला-साहित्याच्या विश्वासू विक्रेत्याकडूनच घ्यावी असे मी सुचवीन. मेणाबाबत तितके काटेकोर राहण्याचे कारण नाही. आग्या मोहोळाचे मेण गरम पाण्यात वितळवून, कापडातून गाळून, थिजल्यावर तळाचा गाळ खरवडला तर उत्तम कामाला येते. फक्त ते पिवळे असल्यामुळे त्याच्याखालचा निळा छापा हिरवट दिसू लागतो. निळ्या, जांभळ्या छाप्यांसाठी गाळून पांढरे केलेले मेण वापरावे. मेणबत्तीचे पॅराफिन मात्र टाळावे, कारण ते थंड झाल्यावर आकसते आणि त्याचे टवके उडतात.

एन्कॉस्टिकचा मुख्य नियम असा की मेणाचा प्रत्येक नवा थर उष्णता देऊन खालच्या थराशी एकजीव करायचा. गरम हवा सोडणारी हीट गन, गॅसच्या ज्योतीची लहान टॉर्च किंवा इस्त्री यांपैकी काहीही चालते. पृष्ठभाग ओलसर चमकू लागला की थर जुळला असे समजावे आणि उष्णता थांबवावी. हे जुळणे दोनच परिस्थितींत घडते: खालची वस्तू स्वतः वितळणारी असेल तर, किंवा ती सच्छिद्र असेल आणि मेण तिच्यात मुरू शकत असेल तर. प्लास्टिकची पातळ कातडी होऊन वाळणारी कोणतीही वस्तू या दोन्हींत बसत नाही. मातीच्या भिंतीवर ऑइलपेंट मारला की पहिल्या वर्षी भिंत झकपक दिसते आणि पुढे रंग पापुद्र्यासारखा सुटतो, तसेच ॲक्रिलिक या प्लास्टिकसारख्या रंगाच्या थरावर दिलेल्या मेणाचे होते. म्हणून फळीला नेहमीचा ॲक्रिलिक प्रायमर लावू नये. एक तर प्लायवूड कोरेच ठेवावे, नाही तर खडूची पूड आणि प्राणिज सरस यांचे पारंपरिक अस्तर द्यावे. ताणलेला कॅनव्हासही उपयोगाचा नाही, कारण तो लवचिक असतो आणि थंड मेणाला लवचिकता मानवत नाही.

परके थर एकमेकांना जुळले नाहीत तर काय होते, याचा मोठा धडा आपल्या प्रदेशातच आहे. अजिंठ्याची भित्तिचित्रे मेणाची नाहीत. माती, भुसा आणि तंतू मिसळलेल्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात देऊन कोरड्या पृष्ठभागावर ती रंगवलेली आहेत. निजाम सरकारने १९२० च्या सुमारास इटलीहून लोरेन्झो चेकोनी आणि काउंट ओर्सिनी या दोन तज्ज्ञांना बोलावून त्यांचे जतन करवले. त्या कामात चित्रांवर दिलेले लाखेचे वॉर्निश पुढे पिवळट, काळपट झाले, आकसले आणि काही ठिकाणी रंगालाच ओढू लागले. ते काढण्याचे कष्ट पुढच्या पिढ्यांतील संवर्धकांना घ्यावे लागले. हेतू चांगला होता, हातही कसबी होते, पण वरचा थर खालच्या थराच्या स्वभावाचा नव्हता. आपल्या फूटभर फळीवरचे काम त्या तोलाचे नसले तरी नियम तोच लागू होतो.

आता प्रत्यक्ष जुळणीकडे वळू. सर्वांत सोपी वाट म्हणजे छापा मेणाखाली ठेवणे. कागदावर नेहमीसारखी छपाई करायची, तो कागद फळीवर चिकटवायचा आणि वर मीडियमचे पातळ थर चढवायचे. यासाठी कागद खळ न दिलेला, शोषून घेणारा हवा. परीक्षा सोपी आहे: पाण्याचा थेंब ठेवावा, तो लगेच शोषला गेला तर मेणही शोषले जाईल, मोत्यासारखा उभा राहिला तर तो कागद बाजूला ठेवावा. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याची हातकागदाची परंपरा चौदाव्या शतकात मुहम्मद बिन तुघलकाने राजधानी देवगिरीला हलवली त्या काळाशी जोडली जाते, आणि हाताने बनवलेला असा तंतुमय कागद मेणाशी फार चांगला वागतो. फक्त घेताना त्यावर खळ आहे की नाही हे विचारून घ्यावे. कागद गव्हाच्या पिठाच्या खळीने, कडेपर्यंत, खाली हवा न ठेवता चिकटवावा आणि पूर्ण वाळू द्यावा. खाली अडकलेली हवा तापल्यावर बुडबुडा होऊन वर येते, आणि ओल राहिली असेल तर तिची वाफ मेणात बारीक भोके पाडते.

शाईचा प्रश्न येथेच सुरू होतो. बाजारात मिळणारी पाण्याची स्क्रीन शाई बहुधा ॲक्रिलिक बांधणीची असते, म्हणजे तिच्यात रंगपूड धरून ठेवणारे द्रव्य ॲक्रिलिक असते. रेघा, अक्षरे, विरळ ठिपके अशा कामात ती खपून जाते, कारण छाप्याच्या मधल्या मोकळ्या कागदातून मेण खाली पोहोचते. पण हातभर गडद ठोस रंग छापला तर तेवढ्या भागात मेणाला पकड मिळत नाही. त्यावर एक चांगला उपाय आहे. कोरडी रंगपूड पाण्यात घोटून ती सीएमसी (पाण्यात चिकट लगदा होणारी सेल्युलोजची पूड) पावडरच्या किंवा शिजवलेल्या खळीच्या लगद्यात मिसळावी आणि तीच शाई म्हणून वापरावी. वाळल्यावर अशी शाई हाताला लागते, पत्रिकेसाठी ती कुचकामी ठरेल. पण येथे तिचा तोच गुण आहे, कारण ती सच्छिद्र राहते आणि तिला पक्के बांधण्याचे काम वरून येणारे मेण करते.

दुसरी वाट मला स्वतःला सर्वांत सुंदर वाटते. येथे अतिशय पातळ, तंतुमय कागदावर, जपानी टिश्यू किंवा नेपाळी लोकता कागदावर, छापा घ्यायचा आणि तो मेणाच्या दोन थरांच्या मध्ये बसवायचा. आधी फळीवर रंगीत मेणाचे थर देऊन ते खरवडून सपाट करायचे, पृष्ठभाग किंचित कोमट असताना छापील टिश्यू त्यावर पसरायचा, मधून कडेकडे चमच्याच्या पाठीने दाबत न्यायचा आणि वरून गरम मीडियमचा एक हात देऊन उष्णतेने जुळवायचा. क्षणात कागद नाहीसा होतो आणि छापा तेवढा तरंगत राहतो. यात जादू नाही. कागद पांढरा दिसतो तो त्याच्या तंतूंच्या मधल्या हवेमुळे, कारण तंतू आणि हवा यांच्या सीमेवर प्रकाश विखुरतो. हवेची जागा मेणाने घेतली की तंतू आणि मेण प्रकाशाला जवळजवळ सारखेच वळवतात, विखुरणे थांबते आणि कागद पारदर्शक होतो. म्हणूनच टिश्यू पालथा ठेवला तरी चालतो. मात्र मजकूर असेल तर तो उलटा दिसेल हे फिल्म काढतानाच ध्यानात घ्यावे. असे दोन-तीन छापे वेगवेगळ्या खोलीवर ठेवले, तर वरचा स्पष्ट आणि खालचा धूसर अशी जी खोली मिळते ती कागदावरच्या छपाईत कधीच मिळत नाही. थर मात्र पातळ ठेवावेत, नाही तर खालचा छापा पार बुडून जातो.

तिसरी वाट थेट मेणावर छापण्याची. पहिला विचार सर्वांच्या मनात असा येतो की वितळलेले रंगीत मेणच जाळीतून का ओढू नये? कारण थंड जाळीला लागताच ते थिजते आणि छिद्रे बुजतात. उद्योगात यावर तोड काढलेली आहे: काचेच्या बाटल्यांवर छापण्यासाठी मेणासारख्या बांधणीची, तापल्यावर पातळ होणारी शाई वापरतात आणि पोलादी तारांच्या जाळीतून वीज सोडून ती जाळीच गरम ठेवतात. घरगुती स्टुडिओत तो उद्योग करू नये. त्याऐवजी तेलाच्या बांधणीची शाई घ्यावी. चित्रकाराचा तैलरंग टिपकागदावर तासभर ठेवून जादा तेल शोषू दिले, तर त्याची शाई म्हणून वापर करता येतो. मेण आणि तेल एकमेकांना परके नसतात, त्यामुळे पातळ छापा उष्णतेने मेणात बसतो. पण ‘पातळ’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये शाईचा थर मुळातच जाड पडतो, म्हणून ७७ टी किंवा ९० टी (सेंटिमीटरला ७७ किंवा ९० धागे) अशी दाट जाळी निवडावी, छापा हाताला न लागण्याइतका वाळू द्यावा आणि मग लांबून, थोडी थोडी उष्णता द्यावी. घाई केली तर खालचे मेण वितळून हलते आणि वरचा छापा बेटांसारखा फुटून पसरतो. कुणाला तसा परिणामच हवा असेल तर तो मुद्दाम घडवता येतो, हा भाग वेगळा.

तेलही नको असेल तर कोरडी पूड थेट जाळीतून पाडता येते, आणि मेणाशी याहून प्रामाणिक छपाई दुसरी नाही, कारण यात शाईची बांधणीच नसते. थोडी विरळ, ४३ टीच्या आसपासची जाळी गुळगुळीत मेणावर अगदी जवळ धरायची, वर गेरू, पिवडी, काजळी किंवा कोळशाची पूड टाकून मऊ ब्रशने हलकेच फिरवायची आणि चौकट सरळ वर उचलायची. अजिंठ्याच्या चित्रकारांच्या रंगांतही गेरू, पिवळी माती आणि काजळी होतीच. येथे हीट गन लगेच वापरली तर वाऱ्याने पूड उडून जाते. म्हणून फळी खालून गरम तव्यावर किंवा हॉट प्लेटवर ठेवून मेण हळूहळू मऊ करावे, म्हणजे पूड जागच्या जागी मुरते.

जाळीबाबत आणखी एक हिशेब सांगितला पाहिजे. छायाचित्र छापायचे असेल तर ते ठिपक्यांत फोडावे लागते, आणि इंचाला ठिपक्यांच्या जितक्या ओळी असतील त्याच्या साधारण चार ते पाच पट जाळीचे धागे असावे लागतात. ७७ टी म्हणजे सेंटिमीटरला ७७ धागे, इंचाला सुमारे १९५. तेव्हा ४० ते ४५ ओळींपेक्षा बारीक ठिपके तिच्यावर धरू नयेत. मेणाखाली ते आणखी मऊ दिसतात, म्हणून थोडा ठसठशीतपणा फायद्याचाच ठरतो. फळी जाड असल्यामुळे चौकटीचे बिजागर तेवढ्याच जाडीच्या ठोकळ्यांवर उचलून बसवावे लागते, आणि जाळी व पृष्ठभाग यांत सुमारे तीन मिलिमीटर अंतर ठेवावे लागते. पृष्ठभाग खरोखर सपाट नसेल तर खळग्यांत शाई पोहोचत नाही. धारदार पात्याने खरवडणे हे कंटाळवाणे काम येथे टाळता येत नाही.

आता आपल्या हवेचा विचार. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांच्या वर जातो. मेण तेव्हा वितळत नाही, पण पुरेसे मऊ होते आणि स्क्वीजीच्या दाबाने जाळीची वीण त्याच्यावर उमटते. पत्र्याच्या छताखाली तर दुपारी छापूच नये. थेट मेणावरची छपाई उन्हाळ्यात सकाळी लवकर करावी किंवा ती हिवाळ्यासाठी राखून ठेवावी. त्याच कोरड्या हवेत पाण्याची शाई जाळीतच वाळते. प्रत्येक छाप्यानंतर शाईचा एक हात जाळीवर पसरून ठेवावा आणि शाईत थोडे ग्लिसरीन घालावे. गावाकडे व्होल्टेज वरखाली होत असल्यामुळे हॉट प्लेटच्या बटणावरच्या आकड्यावर विसंबून चालत नाही. भांड्यात थर्मामीटर हवाच.

हे केवळ नीटनेटकेपणासाठी सांगितलेले नाही. मेण १२० अंशांच्या पुढे गेले की त्यातून डोळे आणि घसा जाळणारा धूर निघतो. मेणाने पेट घेतला तर पाणी कधीही टाकू नये, झाकण घालून हवा तोडावी. आणि स्क्रीन प्रिंटिंगच्या दुकानातून या कामाकडे येणाऱ्याने दुकानातल्या तीन सवयी दाराबाहेर ठेवल्या पाहिजेत. पहिली, जाळी पुसायला टेबलावर थिनरचा डबा उघडा ठेवण्याची. त्याची वाफ आणि टॉर्चची ज्योत एका खोलीत असणे म्हणजे आगीला आमंत्रण आहे. दुसरी, पिशव्या-स्टिकरसाठीची पीव्हीसी शाई कशालाही वापरण्याची. तिला ज्योत लागली की हायड्रोजन क्लोराइड हा दाहक वायू सुटतो. तिसरी, जाळीवरचा लेप प्रकाशाने कडक व्हावा म्हणून त्यात बायक्रोमेट मिसळण्याची. ते कर्करोगकारक आहे आणि त्याऐवजी तयार फोटोपॉलिमर लेप सहज मिळतो. रंगपुडींतही निवड करावी: शेंदूर घरात पूजेसाठी असतो म्हणून तो निरुपद्रवी होत नाही, कारण त्यात शिशाचे किंवा पाऱ्याचे संयुग असू शकते. पूड चाळताना मास्क आणि मेण तापवताना समोरासमोरच्या खिडक्या उघड्या, एवढे तरी हवेच.

शिकण्याचा क्रम विचाराल तर टिश्यूपासून सुरुवात करावी, कारण त्यात छपाई आणि मेण यांची कामे वेगळी राहतात आणि चूक कुठे झाली हे कळते. एकाच फळीच्या लहान चौकोनांवर वेगवेगळ्या शाया घेऊन, प्रत्येकीवर मेणाचे दोन थर देऊन ती फळी रात्रभर थंड होऊ द्यावी आणि दुसऱ्या दिवशी पात्याच्या टोकाने वरचा थर उचकटून पाहावा. जिथे तो अख्खा पापुद्रा होऊन निघतो ती शाई यादीतून काढून टाकावी. जिथे मेण, छापा आणि कागद एकत्रच तुटतात ती शाई वापरण्याजोगी.

तयार चित्रावर थंडीत पांढुरकी झाक येते. ते बुरशीचे लक्षण नसून मेणातलेच काही घटक पृष्ठभागावर आलेले असतात. मऊ सुती कापडाने हलकेच घासले की झाक जाते आणि चमक परत येते. चित्र उन्हाच्या भिंतीवर टांगू नये. उन्हाळ्यात बाहेरगावी पाठवायचे असेल तर पृष्ठभागावर बटर पेपर ठेवून, बबल रॅपचे फुगे त्याला टेकू न देता बांधावे, कारण मऊ झालेल्या मेणावर फुग्यांचे गोल ठसे उमटतात. आणि बंद गाडीत दुपारभर राहणार नाही अशा बेताने ते संध्याकाळच्या गाडीने रवाना करावे.